घंगाळातले तांबे कुठले?



साफसफाईत आजेसासूबाईंचे तांब्याचे घंगाळ माळ्यावरून खाली आले. मोडीत द्यायचे की ठेवायचे, यावर घरात दोन दिवस चर्चा. चिंच-मीठ लावून घासताना माझ्या मनात मात्र दुसरेच आले, हे तांबे मुळात कुठले? आपला सोलापूरचा मुलूख काळ्या कातळाचा, इथे काही तांब्याच्या खाणी नाहीत.

हाच प्रश्न अभ्यासकांना दायमाबादला पडला. श्रीरामपूर तालुक्यातले प्रवरेकाठचे हे गाव. १९७४ मध्ये तिथे एका गावकऱ्याला झाडाचे मूळ खणताना चार ओतीव वस्तू सापडल्या: बैलजोडीचा रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. वजन मिळून साठ किलोंहून जास्त! बरेच अभ्यासक त्या हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातल्या, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. पण धातू तपासला तर त्यात आर्सेनिक, म्हणजे सोमलातले विष, एक टक्क्याहून जास्त निघाले. त्या काळच्या इथल्या इतर तांब्यात ते तसे आढळत नाही. म्हणून डी. पी. अग्रवाल यांनी त्या काळाबद्दलच शंका घेतली.

खाण ओळखण्याची आणखी एक युक्ती आहे. तांब्यात शिशाचा किंचित अंश असतो. या शिशाचे चार प्रकार, आणि त्यांचे आपसांतले प्रमाण खाणीखाणीत निराळे. भट्टीत वितळवले तरी ते बदलत नाही. मग राजस्थानातल्या खेतडीचे दगड, ओमानचे दगड यांच्याशी ते ताडून पाहायचे. ओमानचे जुने नाव मगन. तिथले तांबे जहाजांनी इराकातल्या उर शहरात जाई. वाईट तांबे दिले म्हणून तिथल्या एआ-नासिर नावाच्या व्यापाऱ्याला एका गिऱ्हाइकाने मातीच्या पाटीवर लिहिलेले रागाचे पत्र आजही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. साधारण इ.स.पू. १७५० चे! भांडेवाल्याशी हुज्जत आपणच घालतो असे नाही.

अडचण एकच, मोड. फुटकी भांडी एकत्र वितळवली की दोन-चार खाणींचे तांबे मिसळते आणि उत्तर मधलेच कुठलेतरी येते. जमिनीत हजारो वर्षे टिकलेली खूण भट्टीत एका दिवसात पुसली जाते. आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने धवला ग्रंथ ताम्रपटांवर कोरला गेला तो टिकावा म्हणूनच ना? आता ते पट फलटणला आहेत.

आमच्या घंगाळातही बहुधा मोडीचेच तांबे असेल. पण काठावर ठिपक्याठिपक्यांनी आजेसासूबाईंचे नाव आहे, खाली गावाचे. भंगारवाल्याला परत पाठवले.