भूमिकाक्रीडेतील दानलेखन

मेजाभोवती बसून खेळावयाच्या भूमिकाक्रीडांचा आरंभ सामान्यतः १९७४ पासून मानतात. त्या वर्षी अमेरिकेतील लेक जिनिव्हा या गावाहून गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. यात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो, पात्राचे गुण एका पत्रकावर अंकांनी मांडतो, आणि कृतीची सिद्धी अनिश्चित असेल तेथे फासे टाकून निर्णय करतो. हे पत्रक आता पुष्कळ ठिकाणी संगणकाच्या पडद्यावर गेले आहे. या स्थित्यंतरात दानाच्या लेखनाचे काय झाले, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

प्रारंभीच्या ग्रंथांत दान बहुधा मर्यादांनी दर्शवीत: '२–१२', '३–१८'. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये प्रहाराने होणारी हानी याच रीतीने दिली आहे. रीत सुटसुटीत खरी. पण ती किमान व कमाल सांगते, त्यांच्यामधले काहीच सांगत नाही. '३–१८' हे सहा बाजूंच्या तीन फाशांचे दान असेल, तर १८ पडण्याचा संभव २१६ त १ असतो. उलट हे सोळाही अंक समसंभाव्य मानले, तर तो १६ त १ होतो. चिन्ह एक, अर्थ दोन, आणि त्यांत साडेतेरा पटींचे अंतर!

१९७५ पासून खेळाडूंच्या हौशी पत्रिकांतून निराळा संकेत रूढ होऊ लागला: '३डी६'. आधी फाशांची संख्या, मग 'डाय' या शब्दाचे आद्याक्षर, शेवटी बाजूंची संख्या. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा बदल मोलाचा आहे. जुने चिन्ह फलाचा निर्देश करते, नवे क्रियेचा. (आपल्या सोंगट्यांच्या खेळातील 'पौबारा' हा शब्दही नुसते तेरा न सांगता एक आणि बारा असे दानाचे घटक सांगतो, हे येथे आठवते.) खेळाच्या पाचव्या आवृत्तीने २०१४ मध्ये राक्षसांच्या वर्णनात सरासरी व सूत्र ही दोन्ही शेजारी छापून वाद मिटविला.

पडद्यावर मात्र तो पुन्हा उपस्थित होतो. २०१२ मध्ये 'रोल ट्वेंटी' व २०१७ मध्ये 'डी अँड डी बियाँड' या सेवा निघाल्या. तेथील पत्रकावर कौशल्याच्या नावापुढे '+५' असे दिसते. नाव दाबले की '१७' उमटते. या पाचांत गुणांक १६ असल्याबद्दलचे ३ आणि पहिल्या पातळीच्या प्रावीण्याचे २ आहेत. फाशाचे केवळ १२. कृतीची काठिण्यमर्यादा १५ असेल, तर फाशावर १० वा अधिक पडले पाहिजे, म्हणजे संभव शेकडा ५५. अनुकूल स्थितीत दोन फासे टाकून मोठा अंक ठेवतात. 'रोल ट्वेंटी'त हे '२डी२०केएच१' असे लिहिता येते, आणि संभव जवळजवळ शेकडा ८० होतो. हे सारे पत्रकाला ठाऊक असते. बेरजेवर दर्शक नेला तर घटकही दिसू शकतात. परंतु केवळ पडद्यावर खेळ शिकलेला खेळाडू तो नेण्याची तसदी क्वचितच घेईल, असे मला वाटते. त्याच्या लेखी दान म्हणजे बेरीज.

या समजुतीने खेळाचा नियमच चुकतो. फाशावर प्रत्यक्ष २० पडले, तर हल्ला शत्रूचे कवच कितीही भक्कम असले तरी लागतो आणि हानीचे फासे दुप्पट होतात. १५ व ५ मिळून झालेल्या विसाला हा अधिकार नाही. म्हणून इंग्रजीभाषी खेळाडूंच्या बोलीत 'नॅचरल ट्वेंटी', म्हणजे मूळ वीस, असे विशेषण लावावे लागले. पत्रकाने हेच काम रंगावर सोपविले आहे. 'रोल ट्वेंटी'वर फाशाचा कमाल अंक पडला की बेरजेभोवती हिरवी चौकट येते, १ पडला की तांबडी. वैदिक संहितेत अक्षराच्या वरखाली काढलेल्या स्वररेषांसारखीच ही खूण आहे: अंक तोच राहतो, आणि त्याचा अर्थ चौकट ठरविते.