रिकाम्या पुंगळ्या का मोजतात?

आज मी बोलतोय दिल्लीतून, कस्तुरबा गांधी मार्गावरून. आपलं नवं महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे. रस्त्याचं जुनं नाव कर्झन रोड. लॉर्ड कर्झन १८९९ ते १९०५ या काळात व्हाइसरॉय होते आणि १९०१ मध्ये त्यांनी पंजाबातून वायव्य सरहद्द प्रांत वेगळा काढला. त्या सरहद्दीवर लढणाऱ्या पलटणी झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचून, मोजून परत आणत. आपल्या फौजेतही फायरिंग संपलं की पुंगळ्यांचा हिशेब होतो. गोळी तर गेली, मग या पितळेचं एवढं काय? आज तेच बघू.

१८५७ चं काडतूस कागदाचं होतं. शिपाई ते दातांनी तोडायचा आणि दारू नळीत ओतायचा. मागे उरला तर कागदाचा चिटोरा. १८६६ मध्ये वूलविचच्या एडवर्ड बॉक्सरने पितळेच्या पातळ पत्र्याची गुंडाळी करून काडतूस बनवलं. मार्टिनी-हेन्री रायफलीचं काडतूसही सुरुवातीला तसंच होतं. १८८५ च्या सुदान मोहिमेत तापलेल्या रायफलीत ही गुंडाळी फाटून अडकू लागली, आणि सैनिकांच्या जिवावर बेतलं. त्यानंतर अखंड पितळेची, ओढून लांब केलेली पुंगळी रूढ झाली. आपल्या ओळखीच्या थ्री नॉट थ्रीची पुंगळी याच जातीची.

इथेच गोष्ट बदलली. गोळी निघून जाते, दारू जळते, टोपी फुटते. पुंगळी मात्र शाबूत राहते. आणि काडतुसात बनवायला सगळ्यात अवघड भाग हाच. सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त असं पितळ घ्यायचं, चकती कापायची, तिची वाटी करायची, मग ती टप्प्याटप्प्याने ओढायची आणि मध्ये मध्ये भट्टीत मऊ करायची. ओढताना तोंड वेडंवाकडं होतं, म्हणून ते कापून सरळ करायचं. आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. हे सगळं करायला एवढी मोठी यंत्रणा लागते. पण तयार पुंगळी हातात आली, की नवी टोपी, दारू आणि गोळी घालून काडतूस पुन्हा उभं करता येतं. अमेरिकेत १८७० च्या दशकात शिकारी हे काम मुक्कामावरच करत.

फक्त एक अडचण असते. बार उडाला की पुंगळी फुगते. तिला साच्यात दाबून मूळ मापावर आणलं, की पितळ मानेकडे सरकतं आणि पुंगळी लांब होते. थ्री नॉट थ्रीच्या पुंगळीची कमाल लांबी ५६.४४ मिलिमीटर, ७.६२ नाटोची ५१.१८. याच्या पुढे गेली, तर तिचं तोंड चेंबरच्या पुढच्या कडेत घुसतं आणि गोळीला आवळून धरतं. गोळी वेळेवर सुटत नाही, दाब भलताच चढतो आणि रायफल फुटू शकते. इजा होते ती झाडणाऱ्याला, समोरच्याला नव्हे.

म्हणून साच्यातून काढल्यावर लांबी मोजायची आणि जास्तीचं पितळ कापायचं. कापलं की तोंडाला आतून-बाहेरून बारीक धार उरते. कारखान्यात तिला ‘बर’ म्हणतात. आतली बर गोळीच्या तांब्याच्या आवरणाला ओरबाडते, बाहेरची बर चेंबरमध्ये अडते. दोन्ही बाजूंनी ती हलकेच घासून काढायची. जास्त घासलं तर तोंड सुरीसारखं पातळ होतं. या कामाला कारखाना लागत नाही. बारीक कानस आणि सवयीचा हात पुरतो.

आता सरहद्दीकडे वळा. कोहाटजवळच्या दर्रा आदमखेलमध्ये आफ्रिदी कारागीर हातकामावर रायफली घडवत. रायफल लोखंडातून घडवता येते, पण पुंगळीचं पितळ ओढायची यंत्रं डोंगरात कुठून येणार? इंग्रजांच्या पलटणीने मागे टाकलेली प्रत्येक पुंगळी त्या टोळ्यांसाठी आयतं काडतूस होती. ती भरून पुन्हा त्याच पलटणीवर झाडली जाई. म्हणून वेचायची, म्हणून मोजायची.

माझ्या नोकरीत, फायरिंग रेंजवर एका पुंगळीसाठी अख्खी कंपनी गवतात रांगताना मी पाहिली आहे. नवे पोरगे वैतागतात. त्यांना मी हेच सांगायचो: बाळा, तू भंगार शोधत नाहीयेस, अर्धं काडतूस शोधतोयस. शिवाय हिशेब जुळला नाही, तर जिवंत काडतूस खिशात राहिलं की काय, ही शंका उरतेच.

कायद्यानेही हे ओळखलंय. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. घरी बसून काडतूस भरणं आपल्याकडे छंदात मोडत नाही.

मैदानातून शेवटची पुंगळी उचलून झाल्याशिवाय आपलं फायरिंग संपत नाही, ते यामुळे. भेटू पुढच्या भागात. जय हिंद!