गिरणीच्या जागेवरचा बाजार



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला इतिहासावर बोलावयास सांगितले, तेव्हा मी प्रथम नकार दिला. माझे शाळेतील शिक्षण बेताचेच. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, जुन्या निवाड्यांच्या फायली चाळून आणि उसनी आणलेली पुस्तके वाचून. परंतु चालक म्हणाले, की हल्ली लहान शहरांतही मोठमोठे मॉल आणि साखळी उपाहारगृहे येऊ लागली आहेत. ती यावीत की न यावीत यावर लोक वाद घालतात. तुम्ही कामगारांत वावरणारे, तुम्हांला काय वाटते ते सांगा. तेव्हा मात्र मी होकार दिला. कारण हा वाद वर्तमानाचा दिसत असला, तरी त्याचे उत्तर इतिहासात आहे.

प्रथम एक गोष्ट सांगून टाकतो. बाजार आपोआप होत नाही; तो कोणीतरी वसवतो आणि त्याचे नियम कोणीतरी ठरवतो. आपला वर्धा जिल्हाच पाहा. १८६२ साली हा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला. कचेरी आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होती. १८६६ साली पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर आखून बसविण्यात आले. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध झाले होते, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला होता आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली होती. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली. पुढे १९१७ साली पुलगाव ते आर्वी ही अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. आपल्या रोहण्यावरून झुकझुक करीत जाणारी ती गाडी येथील वृद्धांच्या स्मरणात असेल. ती आमच्या सुखासाठी आली, असे आम्हां मुलांना वाटे; वस्तुतः ती कापसाच्या गाठींसाठी आली होती. माणसे तिच्यात बसली हा माणसांचा हुशारपणा.

नदीपलीकडच्या वऱ्हाडात याहून मोठी गोष्ट घडली. कारंजा येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. शेतकऱ्याची बंडी कोठे उभी राहील, माप कोण करील, अडत्या किती घेईल, हे ठरवण्याचा अधिकार केवळ व्यापाऱ्याचा नाही, हे तत्त्व त्यातून पुढे आले. तो कायदा करणारे सरकार परके होते आणि त्यांना स्वच्छ कापूस हवा होता, हे खरे. तरीही तत्त्व मोलाचे ठरले. स्वराज्यात १९६३ साली महाराष्ट्राने बाजार समित्यांचा कायदा केला, त्याच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

आता नागपूरला चलू. जमशेटजी टाटांनी १८७४ साली १५ लाख रुपये भांडवलाची कंपनी काढली आणि मुंबई सोडून नागपूर निवडले. कापूस जवळ, रेल्वे जवळ, तलावाचे पाणी जवळ. जागा दलदलीची होती. तिच्यात भराव घालावा लागला. अशी आख्यायिका सांगतात, की एका सावकाराने या कामाला कर्ज नाकारले, कारण मातीत सोने पुरणाऱ्याला पैसे कोण देणार? पुढे गिरणीची भरभराट पाहून त्यानेच कबूल केले, की या गृहस्थाने माती घातली आणि सोने काढले. १ जानेवारी १८७७ रोजी, ज्या दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले, त्याच दिवशी गिरणी सुरू झाली आणि तिचे नाव एम्प्रेस मिल पडले. सुमारे ३० हजार चात्या आणि ४५० माग होते.

याच गिरणीत त्याच १८७७ सालात मजुरीच्या दरावरून संप झाला. आपल्या देशात नोंद झालेल्या अगदी पहिल्या संपांत त्याची गणना होते. त्या वेळी युनियन नव्हती, कायदा नव्हता, पुढारी नव्हता. खेड्यांतून आलेली माणसे एवढेच जाणत होती, की आपल्या हातांशिवाय माग चालत नाही. गिरणीच्या मालकांना न्याय द्यावयाचा तर हेही सांगितले पाहिजे, की तेथे १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ साली अपघाताची भरपाई सुरू झाली. अशा भरपाईचा कायदा देशाला १९२३ साली मिळाला. पुढे रुईकर आणि बर्धन यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी नागपूरच्या गिरणी कामगारांत काम केले. मालकाचे औदार्य आणि कामगाराचा हक्क यांत फरक असतो. औदार्य मालकाबरोबर जाते. हक्क कायद्यात उतरला तर मागे राहतो.

१९८६ साली ही गिरणी टाटांकडून राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, आणि या शतकाच्या आरंभी तिचा भोंगा कायमचा थांबला. आज त्या जागेवर एम्प्रेस सिटी नावाचे संकुल उभे आहे. आमच्या पुलगावची कापड गिरणीही बंद पडली. सावकाराच्या त्या गोष्टीचा शेवट असा उलटा झाला. पूर्वी मातीत घाम घालून सोने काढीत. पुढे माती हीच सोने झाली आणि घामाची गरज उरली नाही. गिरणी चालवण्यापेक्षा गिरणीची जागा विकणे फायद्याचे ठरले, त्या दिवशी कामगाराचे सर्वांत मोठे हत्यार बोथट झाले. मालकाला गिरणी बंदच हवी असेल, तर संप करून बंद काय पाडणार?

मुंबईत हे अधिक मोठ्या प्रमाणावर घडले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप रीतसर मागे घेतला गेला नाही; तो विरून गेला. १९९१ सालच्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीची ढोबळमानाने तीन भागांत वाटणी ठरवली: एक भाग शहराच्या मोकळ्या जागांना, एक भाग सार्वजनिक घरबांधणीला, एक भाग मालकाला. वाटणी न्यायाची होती. परंतु २००१ साली त्या नियमात बदल झाला आणि वाटणी संपूर्ण जमिनीची न राहता आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. २००५ साली उच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. नियमातील दोन-चार शब्द बदलले आणि मैदाने, घरे, शाळा यांची जागा गेली. लोअर परळच्या फिनिक्स मिलमध्ये मॉल उभा राहिला. कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघावयास २०१२ साल उजाडले. अर्ज लाखाच्या वर आणि घरे काही हजार.

त्याच परळात २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांत आग लागली आणि १४ माणसे प्राणांस मुकली. त्यांत तरुण मुलीही होत्या. कोणी म्हणेल, गिरण्यांतही आगी लागत. होय, लागत, आणि म्हणूनच कारखान्यांच्या कायद्यात दारे बाहेर उघडणारी असावीत असा दंडक झाला. गिरणीची जागा उपाहारगृहाला मिळाली. त्या जागेत माणसे मरून मरून शिकलेले शहाणपण मात्र बरोबर गेले नाही.

एवढे ऐकून आपल्याला वाटेल, की हा मनुष्य मॉलच्या विरुद्ध बोलतो आहे. तसे नाही. जुन्या बाजाराचे गोडवे मला गाववत नाहीत. आठवडी बाजार सर्वांचा खरा, परंतु त्याच काळात किती हॉटेलांत दलितांसाठी कपबशी निराळी असे! दुकाने, उपाहारगृहे यांत जातीवरून कोणाला मज्जाव करता येणार नाही, हे आपल्या संविधानाला पंधराव्या अनुच्छेदात स्पष्ट लिहावे लागले, ते उगाच नव्हे. मॉलच्या दारात जात विचारीत नाहीत. तेथे भाव छापलेला असतो. स्त्रियांना बसावयास जागा आणि स्वच्छ संडास मिळतो. आमच्या किती गुजऱ्यांत भाजीवालीला तो आजही मिळत नाही? हे श्रेय दिलेच पाहिजे. मात्र मॉलच्या दारात पहारेकरी असतो आणि तो जात न विचारता पायांतील चपलांकडे पाहतो, हेही मी पाहिले आहे.

माझा प्रश्न निराळा आहे. त्या झगझगीत काउंटरच्या मागे कोण उभे आहे?

काही वर्षांमागे एका शहरातील मोठ्या दुकानात काम करणारी एक मुलगी आमच्या कचेरीत आली. तिचे वडील गिरणीत बदली कामगार होते. मी त्यांना ओळखत होतो. ती म्हणाली, "काका, तुम्ही लोकांनी बाबांना पगारवाढ मिळवून दिली असे ते सांगतात. मला पगारवाढ नको. दहा तास उभे राहून पायांच्या शिरा फुगल्या आहेत. एक स्टूल मिळवून द्याल?" चाळीस वर्षांच्या चळवळीनंतर पुढची पिढी आमच्याकडे स्टूल मागावयास आली! मी अर्ज लिहिला. अकरा जणींनी सही केली. चार बैठकींनंतर स्टुले आली. परंतु सही करणाऱ्यांपैकी दोघींचा करार पुढे वाढवण्यात आला नाही. अर्ज मी लिहिला होता. किंमत त्यांनी दिली. ती गोष्ट मी विसरू शकत नाही, म्हणूनच आज येथे उभा आहे.

ही मागणी क्षुल्लक समजू नका. केरळात दुकानांतील स्त्रियांनी याच हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ साली तेथे बसण्याचा हक्क कायद्यात आला; २०२१ साली तमिळनाडूने तसाच कायदा केला. आपल्याकडे १९४८ पासून दुकाने व आस्थापनांचा कायदा होता. २०१७ साली नवा आला. त्याने आठवड्याची सुटी राखली, परंतु दुकान वर्षाचे सर्व दिवस व रात्रंदिवस उघडे ठेवण्याची मुभा दिली आणि दहांहून कमी कामगार असलेली दुकाने बहुतेक तरतुदींतून बाहेर काढली. गिरणीत एका छपराखाली हजारो कामगार एका मालकाचे होते. मॉलमध्येही एका छपराखाली शेकडो असतात. पण त्यांचे मालक निराळे, ठेकेदार निराळे. छप्पर एक आहे, मस्टर एक नाही. संघटना अवघड होते ती येथे.

मग साखळी हीच वाईट काय? इतिहास तसे सांगत नाही. अखिल भारत चरखा संघाची खादी भांडारे ही गावोगावची साखळीच होती. १९३५ साली गांधीजींनी आग्रह धरला, की कातणाऱ्या बाईला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, मग खादी महाग झाली तरी चालेल. गिऱ्हाइकाने चार पैसे अधिक द्यावेत आणि ते कातणारीच्या हातात पडावेत, हा विचार आपल्याच जिल्ह्याच्या मातीत वाढला. दुसरे उदाहरण कॉफी हाऊसचे. कॉफी मंडळाने आपली उपाहारगृहे बंद करावयास घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने नोकरांनी सहकारी संस्था काढल्या आणि १९५७ पासून ती स्वतः चालवली. फेटा बांधून कॉफी आणून देणारा मनुष्य त्या उपाहारगृहाचा भागीदार होता! अमेरिकेचे मॅक्डोनाल्ड्स दिल्ली-मुंबईत आले ते १९९६ साली. त्याच्या जवळजवळ ४० वर्षे आधी आपल्या देशात उपाहारगृहांची साखळी होती आणि ती कामगारांच्या मालकीची होती. तात्पर्य, साखळी वाईट नसते; तिचे टोक कोणाच्या हातात आहे आणि ती कोणाच्या पायात आहे, एवढे पाहावे.

म्हणून नवा बाजार आपल्या भागात येईल तेव्हा त्याला काळे निशाण दाखवू नका आणि हारही घालू नका. नकाशा मागा. जमीन सार्वजनिक असेल तर गावाचा वाटा किती, हे आधी लिहून घ्या. मुंबईचा अनुभव सांगतो, की नंतर शब्द बदलतात. आग लागली तर बाहेर पडावयाची दारे कोठे आहेत ते विचारा. भाजीवाल्या व हातगाडीवाले यांना उठवण्यापूर्वी २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा काय म्हणतो ते शहराच्या नगरपालिकेला विचारा. त्या कायद्याने नेमावयाच्या समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात. आणि शेवटी, काउंटरमागच्या मुलीला विचारा, "बाई, तुला बसावयास काही आहे का?"

हा प्रश्न विचारावयास युनियनचा सभासद व्हावे लागत नाही. गिऱ्हाईक असले तरी पुरते. दहा गिऱ्हाइकांनी विचारले, तर व्यवस्थापक स्टूल आणील. आणि विचारणारे गिऱ्हाईक असले, तर सही करणाऱ्या मुलीची नोकरी कदाचित वाचेल. त्या दोघींच्या वेळी आम्ही आपल्याकडे आलो नाही, ही आमची चूक. आज आलो आहे.