सचिवाची संमती: भोर मुलखातील नाजूक कागदांची राखण

भोरचे संस्थान कागदपत्रे तपासण्याच्या पदातून उभे राहिले, ही गोष्ट महाराष्ट्रातील दफ्तरांच्या इतिहासात मोलाची आहे. अष्टप्रधान व्यवस्थेत सचिवाने, म्हणजे पूर्वीच्या सुरनिसाने, राजपत्रे वाचून त्यांतील कमीअधिक अक्षर शुद्ध करावे व त्यावर संमतीची खूण करावी, असा दंडक होता. राजाराम महाराजांच्या काळात हे पद शंकराजी नारायण यांच्याकडे आले आणि त्यांच्या घराण्याने पंतसचिव या नावाने १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत भोरचा कारभार पाहिला.

वतन, म्हणजे वंशपरंपरेने चालणारा हक्क, कागदावर टिकत असल्यामुळे बनावट कागदाचे भय नेहमीचे होते आणि त्यावरचे उपाय कागदाच्या रचनेतच योजलेले असत. लांब पत्रासाठी कागदाला कागद चिकटवला, की मधला तुकडा कोणी बदलू नये म्हणून जोडावर शिक्का उमटवीत. मजकूर संपताच ‘मर्यादेयं विराजते’ अशा अक्षरांची मोर्तब, म्हणजे समाप्तीची लहान मुद्रा, करीत, जेणेकरून खाली नवी ओळ घुसडता येऊ नये. महजरावर, म्हणजे सभेने दिलेल्या निवाडपत्रावर, गोतातील मंडळी साक्ष घालीत, आणि ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी काढी. पाटलाचा नांगर ही त्यांतील सर्वपरिचित खूण होय. असे कागद रुमालात, म्हणजे कापडी बासनात, बांधून घरात जपले जात.

१८१८ नंतर पेशव्यांचे दफ्तर इंग्रजांच्या हाती गेले. इनामांची छाननी करणाऱ्या इनाम कमिशनला १८५२ च्या कायद्याने बळ मिळाले, तेव्हा कागद दाखवला तर हक्क जाईल, ही धास्ती वतनदारांच्या मनात खोल रुजली. सरकारनेही पेशव्यांचे हे दफ्तर अभ्यासकांना दीर्घकाळ मोकळे केले नाही; गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, ते १९३० च्या दशकातच.

या दुहेरी कोंडीतून वाट निघाली ती विश्वासाने. भोर तालुक्यातील कारीच्या जेधे देशमुखांनी आपल्या घरची शकावली, म्हणजे सालवार घटनांची टिपणे, लोकमान्य टिळकांच्या हाती दिली व ती १९१६ मध्ये छापली गेली. शिवजन्माची तिच्यातील तिथी, शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, प्रचलित तिथीहून वेगळी होती; १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘शिवभारत’ या जुन्या शिवचरित्रपर काव्याने तिला स्वतंत्र आधार दिला. कुलुपात राहिली असती तर ही नोंद ना पडताळता आली असती, ना स्वीकारता.

आज संशोधनातील नाजूक माहिती बहुधा जिवंत माणसांची, त्यांच्या आजारांची आणि उत्पन्नाची असते. म्हणून नावाच्या जागी सांकेतिक क्रमांक घालणे, नाव व क्रमांक यांची सांगड निराळी कुलूपबंद ठेवणे, कोणी काय पाहिले याची नोंद राखणे आणि माहिती देणाऱ्याची संमती घेणे, हे उपाय रूढ झाले आहेत. साधने बदलली, तरी मूळ प्रश्न तेच आहेत: मजकूर कोणी बदलला नाही ना, आणि पाहणाऱ्याला तो पाहण्याचा अधिकार आहे ना. मात्र सचिवाची संमती राज्याच्या वतीने होती, तर आजची संमती ज्याची माहिती आहे त्या माणसाची असते; दफ्तरांच्या इतिहासातील सर्वांत न्याय्य बदल हाच होय, आणि तो पाळला गेला तरच लोक आपली माहिती निर्धास्तपणे अभ्यासकांच्या स्वाधीन करतील.