पाखरांची विष्ठा आणि काळ्या मातीचा हिशेब

पडक्या वाड्यात किंवा जुन्या देवळाच्या गाभाऱ्यात शिरताना वाघळांच्या विष्ठेचा दर्प आला की आपण नाकाला धोतराचा सोगा लावतो. ह्याच वस्तूच्या पायी एकोणिसाव्या शतकात आरमारे हलली, असे आम्ही सांगितले तर बोरी अरबातील श्रोत्यांस ती थट्टा वाटेल. पण ती थट्टा नव्हे, इतिहास आहे.

दक्षिण अमेरिकेत पेरू देशाच्या किनाऱ्याजवळ काही उघडी बोडकी बेटे आहेत. नाव त्यांचे चिंचा. आपल्या चिंचेशी त्याचा काही संबंध नाही. तेथील थंड समुद्रात मासळी विपुल, म्हणून ती खाणारे पाणकावळेही लाखोंनी. पाऊस जवळजवळ नाहीच. त्यामुळे विष्ठेतील नत्र वाहून न जाता तिचे थर साचत गेले. काही ठिकाणी ते दीडशे फूट उंच होते. ह्या खतालाच ग्वानो म्हणतात. इंका लोक ते पूर्वापार वापरीत आणि पाखरांस जपत. १८०४ मध्ये हुंबोल्टने त्याचे नमुने युरोपात नेले. १८४० पासून व्यापार सुरू झाला आणि सुमारे चाळीस वर्षांत एक कोटीहून अधिक टन ग्वानो परदेशी गेला. तो खणण्यासाठी चिनी मजुरांना करारात बांधून आणले. त्या धुळीत कित्येक मेले. अमेरिकेने १८५६ मध्ये अशा बेटांवर हक्क सांगणारा कायदा केला. १८६४ मध्ये स्पेनने चिंचा बेटेच बळकावली. अखेर युगायुगांची ठेव दोन पिढ्यांत संपली.

ह्याच काळात आपल्या वऱ्हाडात काय चालले होते? १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपुरास पोहोचली. इंग्लंडच्या शेतात पेरूचा ग्वानो पडत होता आणि तेथील गिरण्यांत वऱ्हाडचा कापूस जात होता.

रुई गेली म्हणून आपली जमीन नागवली, असे आपण म्हणतो. ते पुरते खरे नाही. रुई ही बहुतांशी हवा आणि पाणी ह्यांपासून घडते. ती मातीतले फारसे काही नेत नाही. मातीचा कस असतो सरकीत, पानांत आणि पऱ्हाटीत. सरकी जिनात राहते, तिची पेंड गावाबाहेर जाते; पऱ्हाट्या चुलीत जातात आणि शेणाच्या गोवऱ्या होतात. १८८९ ते १८९१ ह्या काळात हिंदुस्थानात हिंडून डॉ. व्होल्कर ह्यांनी हेच पाहिले. शेण जळते ते शेतकऱ्याच्या अडाणीपणामुळे नव्हे, तर सरपण नाही म्हणून, असे त्यांनी १८९३ च्या अहवालात बजावले. पुढे अल्बर्ट हॉवर्ड ह्यांनी इंदूरच्या कापूस संशोधन केंद्रात पऱ्हाट्या, पालापाचोळा आणि शेण ह्यांचे थर कुजवून कंपोस्ट करण्याची रीत बसविली.

आपल्याकडे विष्ठेचे डोंगर होणार नाहीत; मृगाचा पाऊस ते राहू देत नाही. जे साचते ते छपराखालीच: वाड्यात, देवळात, गुहेत. ते थोडे असले तरी जोमदार आहे. मात्र कोरडी धूळ फुप्फुसास अपायकारक असते. म्हणून आधी पाणी शिंपडावे, तोंडावर फडके बांधावे आणि खत कुजवूनच वापरावे. वाघळांना मात्र हुसकू नये. किडे खाणारी वाघळे रात्रभर शिवारातले पतंग टिपतात. म्हणजे ती राखणही करतात आणि खतही देतात.

पेरूने उशिरा का होईना, १९०९ मध्ये बेटांवर राखणदार नेमले आणि पाखरे जेवढे देतील तेवढेच उचलावे, असे ठरविले. जमिनीचा कस ही खाण नव्हे, खाते आहे. आमच्या आजोबांनी त्यातून पुष्कळ काढले. आम्ही युरियाच्या उसनवारीवर ते चालविले. आता भरण्याची पाळी आपली आहे, आणि त्याचा आरंभ पऱ्हाटी न जाळण्यापासून व्हावा.