पांढरे ठिपके, मोरचूद आणि ७२ दिवस

आजच्या भागात इतिहास आहे, पण त्यात राजे नाहीत आणि लढायाही नाहीत. आज बोलायचंय खाऱ्या पाण्याच्या फिशटँकबद्दल. माशाच्या अंगावर पांढरे ठिपके येतात, तीन-चार दिवसांत ते जातात, घरचे म्हणतात "बरा झाला", आणि दोन आठवड्यांत अख्खी टाकी रिकामी होते. हे असं का होतं, ते शोधायला माणसाला बरीच वर्षं लागली. त्याचीच ही गोष्ट.

सुरुवात लंडनपासून. १८५३ मध्ये तिथल्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं पुस्तक आलं आणि 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द घराघरात गेला. काचेमागे समुद्र बघायचं वेडच लागलं लोकांना. पण एक गोष्ट लक्षात घ्या. समुद्रात एखाद्या माशावर परजीवी असला, तरी त्याची पिल्लं अफाट पाण्यात विखुरतात आणि बहुतेक मरतात. टाकीत ती जाणार कुठे? तोच मासा, तेच पाणी, तीच वाळू. दर फेरीला संख्या वाढतच जाते.

पहिला गुन्हेगार सापडला तो लंडनमध्येच. १९३१ मध्ये ई. एम. ब्राऊन यांनी माशांच्या कल्ल्यांवर चिकटणाऱ्या एका सूक्ष्मजीवाचं वर्णन केलं. आज त्याला अमायलूडिनियम म्हणतात, आणि टँक पाळणारे म्हणतात 'व्हेल्व्हेट', कारण अंगावर मखमलीसारखी बारीक सोनेरी धूळ दिसते. म्हणजे, दिसली तर! हा आधी कल्ल्यांवर हल्ला करतो. मासा धापा टाकतो, पंपाच्या धारेजवळ जाऊन थांबतो आणि कधीकधी अंगावर काही दिसायच्या आधीच मरतो. १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातले रॉस निग्रेली यांनी त्याचं जीवनचक्र तपशीलवार मांडलं.

दुसरा गुन्हेगार म्हणजे 'मरीन इक'. जपानमध्ये सिकामा यांनी १९३०च्या दशकात समुद्री माशांवरच्या या पांढऱ्या ठिपक्यांबद्दल लिहिलं होतं. १९५१ मध्ये ब्राऊन यांनीच त्याला नाव दिलं, क्रिप्टोकॅरियॉन इरिटान्स. आपल्या मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय उघडलं ना, तेच वर्ष. गोड्या पाण्यातल्या माशांनाही असाच ठिपक्यांचा रोग होतो, त्यामुळे दोघं जवळचे नातेवाईक असणार असं बराच काळ धरलं जात होतं. पुढे जनुकं तपासली तेव्हा कळलं की दोघांची घराणीच वेगळी. दिसणं सारखं, कोड वेगळा!

आता औषध. १९५५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातले रॉबर्ट डेम्प्स्टर यांनी व्हेल्व्हेटवर कॉपर सल्फेटचा उपचार प्रसिद्ध केला. कॉपर सल्फेट म्हणजे आपलं मोरचूद. हो, द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणात घालतात तेच. उपाय चालला, पण त्याला अटी होत्या. पाण्यात विरघळलेलं तांबं लिटरमागे साधारण ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम लागतं. कमी झालं तर परजीवी जगतो, जास्त झालं तर मासा जातो. प्रवाळाची वाळू आणि दगड तांबं शोषून घेतात, म्हणून आकडा रोज मोजावा लागतो. आणि प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी यांना तर तांबं विषच. म्हणून उपचार नेहमी वेगळ्या टाकीत करायचा, तळाला वाळू न घालता.

पण खरी मेख पुढे आहे. मरीन इकचा परजीवी माशाच्या त्वचेच्या वरच्या थराखाली बसतो. तिथे औषध पोचत नाही. तीन ते सात दिवस खाऊन-पिऊन तो गळून पडतो. याच वेळी आपल्याला वाटतं, ठिपके गेले! तो मात्र वाळूत, काचेवर कवच करून बसतो आणि आत विभागत राहतो. एका कवचातून दोनशेपर्यंत पिल्लं निघू शकतात. ती एक-दोन दिवसांत मासा शोधतात, नाहीतर मरतात. तांबं मारतं ते या पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणून ठिपके गेल्यावरही उपचार काही आठवडे चालू ठेवावा लागतो.

१९८०च्या दशकात इस्रायलमधल्या एलात इथे एंजेलो कोलोर्नी यांनी हे चक्र बारकाईने तपासलं आणि दोन रस्ते दाखवले. एक, पाण्याचा खारेपणा खूप उतरवायचा, म्हणजे कवचं टिकत नाहीत. दुसरा तर बिनऔषधाचा: दर तीन दिवसांनी मासे स्वच्छ, कोरड्या टाकीत हलवायचे, असं चार वेळा. कवच फुटायच्या आत मासा तिथून गायब! काही कवचं मात्र ७२ दिवसांपर्यंत फुटल्याची नोंद आहे. मूळ टाकी अडीच महिने माशांविना ठेवायचा सल्ला देतात, तो यामुळेच.

मग नेमका रोग ओळखणं इतकं महत्त्वाचं का? कारण खारेपणा उतरवला तर इकवर सहसा चालतं, व्हेल्व्हेटला मात्र फारसा फरक पडत नाही. क्लाउनफिशच्या अंगावरून बुळबुळीत पापुद्रे निघायला लागले, तर तो बहुधा तिसराच, ब्रुकलिनेला. १९७० मध्ये लोम आणि निग्रेली यांनी त्याला नाव दिलं. त्यावर तांब्यापेक्षा फॉर्मॅलिन लागतं. आणि परांवर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ दिसली तर तो लिम्फोसिस्टिस नावाचा विषाणू. त्यावर औषध नाही, पण बऱ्याचदा तो आपोआप ओसरतो. तिथे तांबं घातलं तर माशाला उगाच त्रास.

डोळ्यांनी अंदाज येतो, खात्री सूक्ष्मदर्शकाने होते. त्वचेची किंवा कल्ल्याची हलकी खरवड काचपट्टीवर घ्या. केसाळ, गोल आणि सावकाश फिरणारा दिसला तर इक. मुळांसारख्या तंतूंनी चिकटून स्थिर बसलेला असेल तर व्हेल्व्हेट. ब्राऊन आणि निग्रेली यांनी नव्वद वर्षांपूर्वी हेच केलं होतं, आणि आज एक साधा सूक्ष्मदर्शक चांगल्या माशापेक्षा स्वस्त पडतो.

नवा मासा आणलात तर थेट मोठ्या टाकीत सोडू नका. आधी काही आठवडे वेगळा ठेवा, खातो कसा, श्वास कसा घेतो ते बघा. दुकानदार कितीही म्हणाला "एकदम हेल्दी आहे", तरी. आजच्यासाठी इतकंच. पुढच्या भागात भेटू!