घरात ये-जा करणाऱ्यांपैकी एक

सर्वाधिक हदीस कोणत्या सहाबींच्या नावावर आहेत, असं विचारलं तर मकतबातलं लहान मूलही उत्तर देतं: हजरत अबू हुरैरा (रजि.). पण त्यांचं मूळ नाव विचारलं की मोठी माणसंही अडखळतात. बहुतेक चरित्रकार अब्दुर्रहमान बिन सख्र हे नाव देतात, पण त्यावरही सर्वांचं एकमत नाही. टिकून राहिली ती कुनियत. अरबीत 'हिर्रा' म्हणजे मांजर आणि 'हुरैरा' म्हणजे छोटीशी मांजर, आपल्या मराठीतली 'मनी' किंवा 'माऊ'. उर्दूच्या तासाला इस्मे-तसगीर शिकवताना मी हेच उदाहरण देते आणि मुलं ते कधी विसरत नाहीत.

ही कुनियत कशी पडली, ते तिर्मिजीच्या संग्रहात त्यांच्याच तोंडून आलं आहे. ते घरच्या शेळ्यामेंढ्या राखत. त्यांच्याजवळ मांजरीचं एक पिल्लू होतं. रात्री ते त्याला झाडावर ठेवत, दिवसा चरायला निघताना सोबत नेत आणि त्याच्याशी खेळत. त्यावरून लोकांनी हे नाव ठेवलं. येमेनच्या दौस टोळीतला हा माणूस हिजरी ७ मध्ये, खैबरच्या सुमारास मदिनेत आला, मशिदीच्या सुफ्फ्यावर उपाशीपोटी राहिला आणि पाच हजारांहून अधिक हदीस पुढच्या पिढ्यांना देऊन गेला. पाळीव मांजराची आठवण माणसाच्या नावात चौदा शतकं जपली जावी, असं उदाहरण जगाच्या इतिहासात दुसरं क्वचितच सापडेल.

तरीही मांजराचा विषय निघाला की आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते ती वेगळीच गोष्ट. प्रेषितांची (स.) मुअज्जा नावाची मांजर होती, ती झग्याच्या बाहीवर झोपली होती, अजान झाली, तिची झोप मोडू नये म्हणून प्रेषितांनी बाहीच कापली. गोष्ट गोड आहे. पण बुखारी, मुस्लिम, अबू दाऊद, तिर्मिजी यांपैकी कुठल्याही संग्रहात ती नाही आणि मुअज्जा हे नावही नाही. अशीच हकीकत सापडते ती सुमारे साडेपाच शतकांनंतरची, दक्षिण इराकमधले सूफी शेख अहमद रिफाई यांच्याबद्दलची. त्यांचं निधन ११८२ साली झालं. सुरत-मुंबईकडे ज्यांच्या सिलसिल्याचे रातीब होतात, ते हेच रिफाई. बाहीवर मांजर झोपलेली, नमाजची वेळ झालेली. त्यांनी बाही कापली, नमाज पढून आले, मांजर उठून गेल्यावर बाही पुन्हा शिवून टाकली आणि म्हणाले की काही बिघडलं नाही. चरित्रकार जहबी यांनी ती नोंदवली आहे.

प्रेषितांच्या नावावर जे नाही ते घालू नये, हे आपण सगळेच मानतो. पण ही गोष्ट बाजूला ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. बाही कापणं हे एका दिवसाचं, एका हळव्या क्षणाचं काम आहे. हदीसमध्ये मांजराबद्दल जे खरोखर आलं आहे ते रोजच्या घरातलं आहे, म्हणून जास्त कामाचं आहे.

मदिनेतल्या एका घरातला प्रसंग इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'त आहे. कबशा ही कअब बिन मालिक यांची मुलगी आणि हजरत अबू कतादा (रजि.) यांची सून. तिने सासऱ्यांसाठी वुजूचं पाणी काढून ठेवलं. तेवढ्यात मांजर आली आणि पाण्यात तोंड घालू लागली. सासऱ्यांनी तिला हाकललं नाही. उलट भांडं कलतं केलं, तिचं पिऊन होईपर्यंत तसंच धरून ठेवलं. सून बघतच राहिली. तिचं नवल ओळखून ते म्हणाले की रसूलुल्लाहनी (स.) सांगितलं आहे, मांजर नापाक नाही, ती तुमच्या भोवती सतत वावरणाऱ्यांपैकी आहे.

इथे मूळ अरबी शब्द आहे 'तव्वाफीन'. काब्याभोवतीच्या 'तवाफ'शी हा एकाच धातूचा शब्द. कुरआनात सूरह नूरच्या ५८व्या आयतीत घरातली लहान मुलं आणि सेवक यांच्याबद्दल हाच धातू आला आहे. दिवसातल्या तीन वेळा सोडल्या तर त्यांनी आत येताना परवानगी मागायची गरज नाही, कारण ते तुमच्यात सतत ये-जा करणारे आहेत. म्हणजे मांजराला दिलेलं विशेषण मुलांच्या आणि घरच्या माणसांच्या ओळीतलं आहे. फकीहांनी त्यावरून नियमही काढला: जो सतत घरात फिरतो, त्याच्यापासून प्रत्येक भांडं वाचवत बसणं माणसाला जड जाईल, म्हणून शरीयतने ते ओझं उतरवलं.

हजरत आयेशा (रजि.) यांची आठवण अबू दाऊदमध्ये आहे. एका बाईने त्यांच्याकडे हरीसा पाठवला. आपल्या हैदराबादी हलीमचा हा पूर्वज. आयेशा (रजि.) नमाजात होत्या, त्यांनी खुणेनेच ठेव म्हणून सांगितलं. मांजर आली आणि त्यातला थोडा खाऊन गेली. नमाज झाल्यावर आयेशा (रजि.) जेवायला बसल्या, आणि मांजरीने जिथे तोंड लावलं होतं तिथूनच खाल्लं.

यावर मजहबांमध्ये थोडा फरक आहे आणि महाराष्ट्रात तो एकाच राज्यात बघायला मिळतो. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. त्यांच्याकडे मांजराचं उष्टं पाक. देशावर, मराठवाड्यात, विदर्भात बहुसंख्य हनफी. इमाम अबू हनीफांच्या मते दुसरं पाणी असताना मांजराच्या उष्ट्या पाण्याने वुजू करणं सौम्य प्रकारचं मकरूह, तर त्यांचेच शिष्य अबू यूसुफ यांच्या मते त्यात काही गैर नाही. कपड्यावरच्या केसांबद्दल मात्र उलट चित्र दिसतं. हनफी मतानुसार केस पाक, शाफई मतात मात्र ते मुळात नापाक, पण मांजर पाळणाऱ्याला थोडे केस माफ. मूत्र सगळ्यांच्याच मते नापाक. त्यामुळे जानमाजवर मांजर झोपली तर ती उचलून बाजूला ठेवायची आणि नमाज पढायची. तिने तिथे घाण केली तर जागा धुवायची. एवढ्यावरून घरोघरी वाद होतात, म्हणून इतकं लिहिलं.

दुसरी बाजूही तितकीच ठसठशीत आहे. बुखारी आणि मुस्लिम दोघांत आलेली हदीस सांगते की एका बाईने मांजर कोंडून ठेवली. स्वतः खायला दिलं नाही आणि जमिनीवरचे किडेमकोडे खाण्यासाठी सोडलंही नाही. ती मांजर मेली आणि ती बाई जहन्नममध्ये गेली. या हदीसच्या सांगणाऱ्यांमध्ये स्वतः अबू हुरैरा आहेत. यातून उलमांनी दोन गोष्टी घेतल्या. मांजर घरात ठेवणं जायज. पण ठेवली की तिचं अन्नपाणी तुमच्यावर वाजिब; ते जमत नसेल तर तिला तिचं अन्न शोधायला मोकळी सोडली पाहिजे. माया वाटते की नाही हा प्रश्न इथे येतच नाही. हक्काचा प्रश्न येतो.

इतिहासात लोकांनी हा हक्क कसा सांभाळला, याची काही चित्रं फार बोलकी आहेत. मिसरचा ममलूक सुलतान बैबर्स (कारकीर्द १२६० ते १२७७) हा मंगोलांशी आणि क्रुसेडरांशी लढणारा कडक माणूस. त्याने कैरोच्या उत्तरेला, आपल्या मशिदीजवळची एक बाग मांजरांसाठी वक्फ केली. तिचं नावच 'गैतुल कुत्ता', मांजरांची बाग. पुढे ती जमीन हातोहात विकली गेली आणि उत्पन्न आटलं. पण साडेपाचशे वर्षांनंतर, १८३६ मध्ये छापलेल्या आपल्या पुस्तकात एडवर्ड लेन हा इंग्रज लिहितो की वक्फाची देखरेख काझीकडे असल्यामुळे काझीच्या कचेरीच्या मोठ्या चौकात रोज दुपारनंतर मांजरांना खाऊ घातलं जाई. घर बदलताना किंवा आणखी काही कारणाने ज्यांना मांजर ठेवणं शक्य नसे आणि मारवतही नसे, ते लोक तिला काझीच्या वाड्यात आणून सोडत. वक्फची जमीन गिळली जाणं आपल्याला नवीन नाही. पण जमीन गेली तरी जबाबदारी गेली नाही, असं मानणारा काझी मात्र आज आठवावा असा आहे.

दुसरं चित्र व्याकरणकार इब्ने बाबशाज यांचं. अकराव्या शतकातल्या मिसरमध्ये ते सरकारी पत्रव्यवहारातल्या भाषेच्या चुका तपासण्याच्या हुद्द्यावर होते, पगारही चांगला. एकदा मित्रांसोबत मशिदीच्या गच्चीवर जेवत असताना एक मांजर आली. घास दिला की ती तो तोंडात धरून निघून जाई आणि लगेच परत येई. एवढं एकटी खात नसणार, म्हणून ते मागोमाग गेले, तर जवळच्या पडक्या जागी एक आंधळी मांजर बसलेली होती आणि ही तिच्यापुढे घास ठेवत होती. या मुक्या जिवाची रोजी अल्लाह अशी पोचवतो, तर माझी का नाही पोचवणार, असं म्हणून त्यांनी नोकरी सोडली. इब्ने खल्लिकान यांच्या चरित्रकोशात ही हकीकत आहे. भाषा तपासण्याचाच पगार घेणाऱ्या मला ती दर वेळी थोडी टोचते, हे खरं.

मांजरामुळे होणारे शेजाऱ्यांचे तंटेही जुनेच आहेत. बगदादचा कवी इब्नुल अल्लाफ (निधन ९३०) याची मांजर शेजाऱ्याच्या खुराड्यातली कबुतरांची पिल्लं खाई. शेवटी शेजाऱ्यांनी तिला पकडून मारलं आणि कवीने तिच्यावर मोठा मर्सिया लिहिला. मांजराच्या आडून त्याने एखाद्या मारल्या गेलेल्या राजपुरुषाचा शोक केला, असंही जुने टीकाकार म्हणतात. ते काहीही असो, कोंबड्या-कबुतरं पाळणाऱ्या आपल्या मोहल्ल्यांत हा मर्सिया आजही कळेल. त्याच बगदादच्या अत्ताबिया मोहल्ल्यात पट्ट्यापट्ट्यांचं रेशमी कापड विणलं जाई. त्यावरूनच पट्टेरी मांजराला इंग्रजीत 'टॅबी' म्हणू लागले.

आपल्या मराठीनेही मांजराला चांगलं नाव दिलं आहे. 'मांजर' आलं संस्कृत 'मार्जार'वरून, आणि त्यातला धातू आहे पुसणं, स्वच्छ करणं. दिवसभर अंग चाटत बसणाऱ्या प्राण्याला याहून नेमकं नाव कुठलं? पण याच भाषेत मांजर आडवं गेलं की माणसं थांबतात, आणि त्यात आपली माणसंही असतात. बुखारीत स्पष्ट आलं आहे की अपशकुनाला काही अर्थ नाही. तरी कामाला निघालेला भला नमाजी माणूस काळी मांजर दिसताच दोन पावलं मागे येतो, हे मी पाहिलं आहे.

आता आजचं. शहरांतल्या आपल्या घरांत पांढऱ्या, चपट्या तोंडाच्या पर्शियन मांजरी हौसेने येऊ लागल्या आहेत. मांजराची किंमत घेण्याला मनाई करणारी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. चारही मजहबांच्या बहुसंख्य उलमांनी तिचा अर्थ लावून विक्री जायज ठरवली, काहींनी नाही. तो वाद आलिमांचा. आपला प्रश्न साधा आहे. मुलांच्या हट्टासाठी आणलेली ती लांब केसांची मांजर उन्हाळ्यात धापा टाकते, तिचे केस गुंततात, डोळ्यांतून पाणी येतं, रोज विंचरावं लागतं, डॉक्टरांचा खर्च असतो. सहा महिन्यांत हौस फिटते आणि मग ती एका रात्री गल्लीत सोडली जाते. गल्लीतली मांजर उंदीर मारून जगते, कारण तिच्या आईने तिला ते शिकवलेलं असतं. खिडकीत वाढलेली ही कुठे जाणार? कोंडून उपाशी मारणं आणि काहीच न शिकवता रस्त्यावर सोडणं, यांत फार अंतर नाही.

तसंच पिल्लांचं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, असं आपल्याकडे म्हणतात. त्यातल्या एखाद्या घरातून पिल्लं गोणीत भरून बाजारात नाहीतर नदीकाठी टाकली जातात, डोळेही न उघडलेली. त्यापेक्षा नसबंदी बरी की नाही? यावर उलमांचे मतभेद आहेत, पण फायदा असेल किंवा त्रास टळत असेल तर हनफी फकीहांनी जनावराच्या खच्चीकरणाला परवानगी दिलेली आहे. आपल्या आलिमांना विचारून ठरवा, पण ठरवा. मांजराला रेबीजची लस द्या. तिने चावलं-ओरबाडलं तर जखम साबणाने खळखळून धुवा आणि डॉक्टर गाठा. घरात कोणी गरोदर असेल तर मांजराची घाण दुसऱ्याने काढावी. हे दवाखान्यातही सांगतात.

आणि मांजर पाळायचीच असं नाही. मजल्यावरच्या दोन खोल्यांत सात माणसं राहत असतील तर कोण आणणार? पण ती न आणताही येतेच. मासळी साफ करताना येते, ईदच्या दिवशी कटोरी वाजली की येते, मे महिन्यात सावली शोधत जिन्याखाली येते. तिच्यासाठी जिन्याखाली पाण्याची एक वाटी ठेवायला लागतं तरी काय? ती वाटी रोज भरायचं काम मुलांकडे द्या, आणि भरताना त्यांना कबशाच्या सासऱ्यांची गोष्ट सांगा. बाहीच्या गोष्टीपेक्षा ती त्यांना जास्त दिवस उपयोगी पडेल.